बाळाच्या खोक्याची तपासणी

२ नोव्हेंबर १९९७, रविवार

सुभाषकाका आज मस्कतला परत गेले. जाताना दादाच्या होणाऱ्या बाळासाठी एक मोठं खोकं ठेवून गेले. आत प्लास्टिकचे ठोकळे आणि खरी मोटर. ठोकळे जोडून ट्रक होतो, क्रेन होते, चालणारा रोबोसुद्धा होतो. बाळ यायला अजून दीड महिना आहे. वहिनी माहेरी राईला, दादा ठाण्याला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, म्हणून खोकं आमच्याकडे मीरा रोडला. आप्पांनी ते माझ्या ताब्यात दिलं. म्हणाले, मिनू, बारशाला जसंच्या तसं द्यायचं.

मला हे सांगावं लागत नाही. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आप्पांनीच घरी शिकवलं. त्यात पहिला धडा हा होता: दुसऱ्याची वस्तू घेतली तर होती त्याहून स्वच्छ करून परत द्यायची.

खोकं कपाटावर ठेवलं. वर ओढणी झाकली. आता फक्त बँकेची परीक्षा. ७ डिसेंबर. दुसरं काहीही नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक वाईट विचार आला. खोक्यात एखादा भाग मुळातच कमी असला तर? बाळाला ते कळणार आठ-नऊ वर्षांनी. तेव्हा दोष कुणाचा? ज्याच्या ताब्यात होतं त्याचा. सकाळपासून गणितात लक्ष लागेना. शेवटी दुपारी चहाच्या वाफेवर चिकटपट्टी सोडवली आणि तपासणी केली. सगळं आहे असं दिसतं.

पण मोटर चालते का, हे नुसतं बघून कसं कळणार?

५ नोव्हेंबर, बुधवार

मोटर चालते. पण ट्रकमध्ये बसवल्यावर चालते का, हा वेगळा प्रश्न आहे. ट्रक जोडावा लागेल. तपासणीपुरता.

खोक्यावर छापलंय, वय ९ ते १६. याने मला फार अस्वस्थ केलं. बाळाचं वय शून्य, माझं तेवीस. नंतर लक्षात आलं, दोघांची सरासरी साडेअकरा. नियमात बसतं. मन हलकं झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रक चालला! सोफ्यापासून फ्रिजपर्यंत, स्वतःचा स्वतः! फ्रिजवर आपटून तिथेच घरघरत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. घरी कुणी नव्हतं, त्यामुळे त्या धरायच्या नाहीत.

उद्या ट्रक मोडून सगळं आत ठेवणार आणि अभ्यासाला बसणार.

९ नोव्हेंबर, रविवार

ट्रक उलटाही चालतो का हे बघायचं राहिलं होतं. चालतो. जिना चढत नाही.

मोटरला सहा पेन्सिल सेल लागतात. दोन टॉर्चमधले घेतले, दोन भिंतीवरच्या आणि टेबलावरच्या घड्याळांमधले, दोन आप्पांच्या ट्रान्झिस्टरमधले. तिथे बातम्यांशिवाय काही लागत नाही आणि बातम्या पेपरात येतातच.

दुपारी दादा आला होता. दादा इंजिनियर आहे. लहानपणी त्याच्याकडे लोखंडी पट्ट्यांचा आणि स्क्रूंचा संच होता. तो जमिनीवर पालथा पडून विमानं करायचा आणि मी शेजारी उभी राहून दोन्ही हातांच्या ओंजळीत स्क्रू धरायचे. तो न बघता हात पुढे करायचा आणि मी स्क्रू द्यायचे. ओंजळ हलली की ओरडायचा. दादाने मला आजपर्यंत एकही गोष्ट विचारलेली नाही. म्हणजे पाणी आलं का, जेवलीस का, हे विचारतो. पण हे कसं करू, असं नाही.

आजही त्याने स्क्रू-ड्रायव्हर कुठे आहे ते आईला विचारलं. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात होता.

याचं मला काही वाटत नाही. फक्त नोंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रोबो जोडला. ट्रकचे भाग तपासून झाले, पण गुडघ्याचे सांधे फक्त रोबोत वापरले जातात, ते तपासल्याशिवाय राहिले होते. नाव गुणवंत ठेवलं. नाव ठेवलं की नोंदी करायला सोपं जातं, बाकी काही नाही.

गुणवंत चालतो. चार पावलं टाकतो, विचार केल्यासारखा थांबतो आणि तोंडावर पडतो. पाचव्या पावलाची काय अडचण आहे ते उद्या शोधून काढीन. अभ्यास परवापासून, दुप्पट.

घरात कुणाला काही संशय नाही. आज दात घासायला गेले तर पेस्टच्या शेजारी एक निळा ठोकळा ठेवलेला. वाऱ्याने आला असावा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गुणवंतचं वजन पुढे जास्त होतं. पाठीवर चार ठोकळ्यांचं दप्तर दिलं. आता बेडरूमपासून मोरीपर्यंत न पडता जातो!! मी इतकी उड्या मारत होते की खालच्या मजल्यावरून हेमालीबेन वर आल्या आणि विचारलं, उंदर छे? मी हो म्हणाले. खोटं बोलले. रात्री बाप्पाची माफी मागितली. उद्या त्यांना खरं सांगायचं की उंदीर गेला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गुणवंतचं पाऊल मोरीत राहिलं होतं. पहाटे आप्पांनी त्यावर पाय दिला. आप्पा ओरडले ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मग लंगडत बाहेर आले, ते पाऊल धुऊन, पुसून, माझ्या टेबलावर ठेवून दिलं आणि ऑफिसला गेले. उशिरा गेले. घड्याळ सव्वाचारला थांबलंय.

बहुतेक त्यांना ते खोडरबर वाटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बास. आज गुणवंत मोडला. मोडताना त्याच्याकडे बघितलं नाही. सगळं खोक्यात, खोकं कपाटावर, चिकटपट्टी गोंदाने पूर्ववत. आईने तांदूळ निवडताना सापडलेला एक पिवळा ठोकळा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, हा याचा दिवा का गं? मी म्हटलं, कुणाचा? ती म्हणाली, कुणाचा नाही.

तपासणी संपली. आता परीक्षा.

७ डिसेंबर, रविवार

पेपर बरा गेला. वेळ पुरला नाही. दोन नळ आणि एका टाकीचं गणित होतं, पण नळांच्या जागी दातेरी चाकं घातली तर उत्तर फार सुंदर येतं, तेच सोडवत बसले. रफ कामाच्या कागदावर गुणवंतच्या गुडघ्याची अडचण मात्र सुटली.

१४ डिसेंबर, रविवार

मुलगी झाली!!! दादाचा राईहून फोन. दोघी छान. मी आत्या झाले! आई रडली, आप्पांनी हापूस आंब्याची बर्फी आणली (डिसेंबरात), मी सगळ्या जिन्याला सांगून आले.

बारसं २५ तारखेला, राईला, वहिनीच्या माहेरी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. म्हणजे माझा. आत्या पाळण्यात वाकते, कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ती उठेपर्यंत घालतात. मग ती उभी राहून नाव मोठ्याने सांगते. नाव ठरलंय: इशिता. दहा वेळा म्हणून बघितलं. चुकणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी पडल्या पडल्या सुचलं आणि ताडकन उठून बसले.

पाळणा! मोटरवर हलणारा पाळणा! मोटर लहान चाक फिरवते, लहान चाक मोठ्याला, मोठ्या चाकावर दांडी, दांडीला दोरी, दोरी पाळण्याला. खोकं बाळाचं, पाळणा बाळाचा. म्हणजे खोकं उघडायला लागणार नाही असं नाही, पण ते बाळाच्याच कामासाठी उघडलं जाईल. आप्पांच्या नियमात हे पूर्ण बसतं.

आणि दादा बघेल. बघेल आणि म्हणेल, मिने, हे कसं केलंस?

एवढंच. एकदाच.

१६ डिसेंबर, मंगळवार

हेमालीबेनकडे त्यांच्या धर्मेशचं घोडियुं माळ्यावर होतं. लोखंडी स्टँड आणि कापडाची झोळी. धर्मेश आता कॉलेजात आहे. भाचीला दाखवायचंय सांगून आणलं. बाळाऐवजी आत काय ठेवायचं हा प्रश्न होता, पण तो मला फार वेळ पडला नाही: वरवंटा. नाहीतरी बारशाला बाळाच्या आधी वरवंट्यालाच झबलं घालतात, बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींना देतात आणि त्यालाच आधी झोपवतात. माझी चाचणी शास्त्राला धरून आहे.

आईने चटणी वाटायला वरवंटा मागितला. आता उठवू नकोस, असं माझ्या तोंडून गेलं. आईने शेंगदाण्याचं कूट केलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

दोरी तीनदा तुटली. मग एक गोष्ट समजली आणि समजल्यापासून मला जमिनीवर पाय ठेवणं अवघड झालंय. पाळण्याला स्वतःचा एक झोका असतो. त्याच्या मर्जीने ओढलं तर एवढीशी मोटरही मोठा झोका देते. मर्जीविरुद्ध ओढलं तर दोरी तुटते. मी चाकं बदलली, दांडी दोन भोकं आत घेतली. वरवंटा झुलतोय! अलगद! मी गाणं म्हटलं. (मोटर गाण्याच्या आवाजात ऐकू येते का, हे बघण्यासाठी.)

तेवढ्यात हेमालीबेन पापड घेऊन दारात. हलक्या आवाजात म्हणाल्या, अरे, किसका बेबी है? आणि झोळीत वाकून बघितलं. आ तो पथरो छे, मृणालिनी! मी म्हटलं, हां, सो गया. आता विचार करते तर हे उत्तर पुरेसं नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

बिल्डिंगमधल्या बायका अचानक फार प्रेमाने वागतायत. दोघींनी आईला आपापल्या नात्यातली मुलं सुचवली. एकीने सांगितलं, मुलीला मुलांची हौस आहे, उशीर करू नका. हे का चाललंय कळत नाही. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

आईने वहिनीला फोन केला तेव्हा म्हणाली, तुमच्याकडे गुरुवारी, आमच्याकडे मिनूचं रोजच बारसं असतं. आईलाही काही कळत नाही. बरं आहे.

२४ डिसेंबर, बुधवार. राई

सजावटीला म्हणून एक दिवस आधी आले. खोकं ओढणीत बांधून, रिक्षात मांडीवर. जिजाबाई, म्हणजे वहिनीची आई, म्हणाल्या, ओढनीत काय हाय गो? मी म्हटलं, फुगे. त्यांनी खोकं उचलून बघितलं आणि म्हणाल्या, जड हायत तुजं फुगं.

इथला पाळणा लाकडी आहे, घरातले सगळे त्यात झोपलेले. त्याचा झोका वेगळा, सावकाश, भारदस्त. दुपारी सगळे आडवे झाल्यावर यंत्र पाळण्याच्या बाजूला, डोक्याच्या दिशेला बसवलं, चाकं पुन्हा बदलली. वर सॅटिनची झालर. इथला वरवंटा आमच्यापेक्षा थोरला, तोही झोपवून बघितला. झोका एकसारखा. मी वाकून बघितलं, बसून बघितलं, पाळण्याभोवती फिरून बघितलं. कुठूनही, कसंही, काही अडत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसली काळजी वाटत नाहीये. याचीच जरा काळजी वाटते.

बाळ बघितलं. हो, ते लिहायचं राहिलं. फार गोड आहे. वजनाने वरवंट्याच्या जवळपास.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळ

आई-आप्पा आले. आईने तिची हिरवी नारायणपेठ माझ्यासाठी आणलीय. म्हणाली, आत्या आहेस, मॅक्सीत नाव सांगणारेस का? मी कधी साडी नेसत नाही. पण एक दिवस काय फरक पडतो?

२५ डिसेंबर. संध्याकाळ

क्रमाने लिहिते.

बायका जमल्या. अख्खी राई जमली असावी. वरवंट्याला झबलं-टोपडं घातलं, गाणी म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवलं, पाळण्यात ठेवलं. जिजाबाईंनी पाळण्याची दोरी धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, थांबा. आणि झालरीत हात घालून बटण दाबलं.

पाळणा हलला.

गाणी थांबली. मग जिजाबाई म्हणाल्या, आगो बाय, कुनी हात न्हाय लावला आनि हलतंय! मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. मला वाटलं मी तरंगतेय. दादा दारात उभा होता. त्याने पाळण्याकडे बघितलं. मग झालरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

विचारेल, नाव सांगून झालं की विचारेल, म्हणून मी मोटर बंद केली नाही. ती बंद करायला हवी होती हे मला मान्य आहे. वरवंटा काढून बाळाला ठेवलं. झोका अलगद. मी वाकले. कुर्र केलं. इशिता, म्हटलं. बाळाने माझ्याकडे बघितलं. पाठीत पहिला धपाटा बसला.

मी सगळ्या चाचण्या मॅक्सीत केल्या होत्या.

मॅक्सीला पदर नसतो.

पदर खांद्यावरून घसरला आणि झालरीत गेला. पहिल्यांदा नुसतं ओढल्यासारखं वाटलं. मग यंत्राने तो धरला आणि गुंडाळायला सुरुवात केली. मी उठायला गेले, उठता येईना. आणि आत्या उठत नाही तोवर धपाटे थांबत नाहीत. प्रत्येक धपाट्याने मी आणखी खाली, आणखी थोडा पदर आत. माझंच यंत्र, भलतं मेहनती. बाळाचं नाक आणि माझं नाक यांच्यात बोटभर जागा. बाळ शांत. मागून कुणीतरी म्हणतंय, अगं एवढं काय सांगतेस तिला? दुसरी म्हणतेय, घाला अजून, आत्या पक्की हाय! आई म्हणतेय, मिनू, नाव सांग की मोठ्याने!

मी श्वास घेतला आणि जितकं मोठ्याने ओरडता येईल तितकं ओरडले: बटण!

धपाटे थांबले. मग जिजाबाईंचा आवाज, जरा नाराज: बटन? मानसाच्या पोरीला?

पुढचं दादाने केलं. तो जमिनीवर पालथा पडला, नव्या कुर्त्यासकट, झालर वर केली, बटण बंद केलं. ओढू नका कुणी, म्हणाला. वहिनीने पाळण्यातून बाळाला उचललं. मी वाकलेलीच. मग दादा एकेक ठोकळा काढायला लागला आणि न बघता हात वर करून म्हणाला, धर.

मी ओंजळ केली. तो काढत होता, मी धरत होते. तेवीस वर्षांची, नारायणपेठ नेसून, तशीच, स्क्रूंच्या वेळी धरायचे तशी. डोळ्यांत पाणी आलं. पाठीमुळे आलं असेल.

आणि मग त्याचा हात थांबला. बराच वेळ काही आलं नाही. मग झालरीखालून आवाज आला:

मिने, आता कुठला काढू?

मी म्हटलं, काय?

तो म्हणाला, अगं कुठला काढू आधी? मला हे कळत नाहीये, कसं केलंयस तू हे?

मी सांगितलं. आधी दांडीची खीळ, मग लहान चाक, मोठ्याला हात लावू नकोस. त्याने तसंच केलं. मग पुन्हा विचारलं. पदर सुटल्यावरही विचारत राहिला. दांडी आत का घेतलीस, झोका कसा मोजलास, चाकं कधी बदललीस. किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. (मोजलं. लिहिणार नाही.) आम्ही दोघं पाळण्याखाली. बाहेर जेवणं झाली. आई येऊन म्हणाली, बाळाच्या बापाला आणि आत्याला बाळ बघायचं असेल तर ते तिकडे आहे, आणि पुऱ्या गार झाल्यात.

आप्पांनी खोक्याची उघडी चिकटपट्टी बघितली. म्हणाले, चहाची वाफ? मी मान हलवली. म्हणाले, आम्हाला दिवाळीच्या आठवड्यातच वास आला होता.

कुणालाच संशय नव्हता, असं मला वाटत होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

दादाने सगळे ठोकळे खोक्यात भरले आणि खोकं ठाण्याला घेऊन गेला. म्हणाला, बाळाची वस्तू आहे, बाळ मोठं होईपर्यंत मी सांभाळतो. सगळे भाग नीट आहेत ना, तेवढी एकदा तपासणी करतो.

हे मला अजिबात पटलं नाही. बाळाची वस्तू! स्वतःच्या मुलीची! आणि वय ९ ते १६ आहे. दादा एकोणतीस. त्याची आणि बाळाची सरासरीसुद्धा साडेचौदा, म्हणजे कशीबशी.

२९ डिसेंबर, सोमवार

बाळाचं कागदावरचं नाव इशिता. राईतल्या म्हाताऱ्या मात्र तिला बटन म्हणतात, असं वहिनीने कळवलंय. रागावलेली वाटली नाही. अगदी थोडी.

साडीची घडी घालताना पदरात मोठं करडं चाक सापडलं. संध्याकाळी दादाचा फोन. मागे मोटरचा आवाज, मी कुठेही ओळखीन. म्हणाला, ऑफिसचं काम घरी आणलंय. मग म्हणाला, मिने, ते मोठं करडं चाक कुठे गेलं गं? त्याशिवाय पाळणा होत नाहीये. ट्रक होतो, पण पाळणा नाही. मी म्हटलं, बघते. चाक माझ्या मुठीत होतं.

३१ डिसेंबर, बुधवार

दादा रोज फोन करतो. चाक मिळालं का, विचारतो. आणि मग आणखी काहीबाही विचारतो, रोबो पाचव्या पावलाला का पडतो वगैरे. मी सांगते. चाक दिलं की त्याला सगळं जमेल. मग फोन करायचं कारण राहणार नाही, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. रविवारी तो येईल तेव्हा चाक देऊन टाकणार. नक्की. नवीन वर्षाचा पहिला संकल्प.

फक्त दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून द्यायची असते, आणि दातांमध्ये नारायणपेठेचा हिरवा धागा अडकलाय. तो निघाल्याशिवाय कशी देणार? कालपासून खटपट करतेय. निघतच नाही. काही दिवस लागतील. कदाचित संक्रांत.

आई वरवंटा न्यायला आली. म्हणाली, नेऊ ना, की झोपलाय? मग माझ्या हातातलं चाक बघितलं, म्हणाली, दे इकडे, आणि नखाने एका झटक्यात धागा ओढून काढला.

चाक आता अगदी स्वच्छ दिसतंय.

उद्या साबणाने धुवावं लागेल.